पॉइंट एकाचे, पैसे दुसऱ्याचे? एका गाजलेल्या आकड्याची उलटतपासणी

"श्रीमंतांच्या क्रेडिट कार्डावरच्या पॉइंटांचे पैसे गरीब भरतात." हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलेले असणारच. अर्थशास्त्रात, वाणिज्यात किंवा समाजशास्त्रात पीएचडीचा विचार करणाऱ्यांमध्ये ते सध्या फार चालते. ऐकायला धारदार, पटायला सोपे, आणि खाली एका भारदस्त संस्थेचा पेपर लावता येतो. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानासाठी याहून सोयीचे वाक्य मिळणे कठीण. अडचण एवढीच की आरएसीच्या बैठकीत कुणी शांतपणे विचारले, "हा १,१३३ डॉलरचा आकडा नक्की कुणाच्या घरचा?", की बहुतेकांची बोलती बंद होते.

आज त्या आकड्याची उलटतपासणी करू. माझा स्वतःचा विषय पैसे देण्याच्या साधनांचाच आहे, त्यामुळे हे पेपर मला पुन्हा पुन्हा वाचावे लागतात. पण तुमचा विषय वेगळा असला तरी बिघडत नाही. एखादा गाजलेला निष्कर्ष कुठपर्यंत खरा आणि कुठून पुढे नुसता ताणलेला, हे शोधायची पद्धत सगळीकडे तीच.

सुरुवात मुद्दाम टोकाच्या उदाहरणाने करतो. सरासरीचे पेपर वाचताना एक टोकाचे उदाहरण हाताशी ठेवायची सवय लावा. ते काही सिद्ध करत नाही, पण मॉडेल कुठे चुरचुरते ते लगेच दाखवते.

शांघायचे उद्योगपती लिऊ यीछियान यांनी एप्रिल २०१४मध्ये हाँगकाँगला सॉदबीजच्या लिलावात मिंग काळातला एक छोटासा चिनी मातीचा पेला घेतला. त्यावर कोंबडा, कोंबडी आणि पिल्लांचे चित्र आहे. किंमत २८ कोटी १२ लाख ४० हजार हाँगकाँग डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ३ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलर. पैसे भरायला गेल्यावर त्यांनी आपले अमेरिकन एक्सप्रेस कार्ड काढले आणि ते २४ वेळा स्वाइप करून रक्कम चुकती केली. भागाकार केलात तर एका स्वाइपला सरासरी १ कोटी १७ लाख हाँगकाँग डॉलर. नंतर त्याच पेल्यातून त्यांनी चहा प्यायला आणि त्याचीच चर्चा जास्त झाली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१५मध्ये, न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये त्यांनी मोदिल्यानीचे एक विवस्त्र स्त्रीचे चित्र १७ कोटी ४ लाख डॉलरना घेतले, आणि तेही कार्डावरच देणार अशी बातमी आली. लगेच जगभर मथळे झळकले की आता या घराने आयुष्यभर पॉइंटांवर फुकट विमानाने फिरावे.

या दोन बातम्या तुम्हाला प्रकरणाच्या सुरुवातीला वापरायच्या असतील तर एक फरक लक्षात ठेवा. पेल्याच्या बाबतीत बातमी पैसे दिल्याची आहे. चित्राच्या बाबतीत जी बातमी सगळीकडे फिरली ती पैसे कसे देणार याची आहे. "दिले" आणि "देणार" यातला फरक वर्तमानपत्रात एका आठवड्यात पुसला जातो. प्रबंधात तो तुम्हीच जपायचा असतो.

पॉइंटांच्या हिशेबाचेही तसेच. एवढ्या डॉलरला एवढे पॉइंट, एका पॉइंटाला एवढे सेंट, केला गुणाकार. पण पॉइंटाला स्वतःची किंमत नसते. तो तुम्ही कशावर खर्च करता त्यावर त्याची किंमत ठरते. विमानाच्या महागड्या वर्गाच्या तिकिटावर तो भारी पडतो, मिक्सर-इस्त्रीच्या कॅटलॉगवर हलका. आणि एका कुटुंबाला आयुष्यात विमानात बसून बसून किती बसता येईल? कोट्यवधी पॉइंटांतल्या शेवटच्या लाखभर पॉइंटांची किंमत पहिल्या लाखाइतकी नसते. मोठ्या खरेदीचा हिशेब छोट्या खरेदीच्या दराने करणे ही पहिली गफलत, आणि ती पत्रकारांपुरती मर्यादित नाही.

शिवाय इतकी मोठी रक्कम कार्डावर टाकण्याची कारणे पॉइंटांपलीकडचीही असू शकतात. बिल भरेपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदत हे एक. चीनमध्ये व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच परकी चलन सहज घेता येते, त्यामुळे परदेशात पैसे चुकवण्याची सोय हेही कुणी कारण म्हणून सुचवेल. चारचौघांत कार्ड काढण्याची मौज हे तिसरे. या माणसाच्या मनात यातले काय होते हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणूनच "पॉइंटांसाठी केले" हे वाक्यही कळल्यासारखे लिहायचे नाही.

आता मूळ पेपराकडे येऊ.

स्कॉट शूह, ऑझ शाय आणि जोआना स्टॅव्हिन्स या तिघांचा हा पेपर बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१०मध्ये प्रसिद्ध केला. युक्तिवाद साधा आणि सुंदर आहे. गिऱ्हाईक कार्डाने पैसे देते तेव्हा दुकानदाराला बँकेला शुल्क द्यावे लागते. दुकानदार कार्डवाल्याला एक भाव आणि रोखवाल्याला दुसरा असे सहसा करत नाही. मग तो शुल्काचा बोजा सगळ्यांच्याच किमतीत मिसळतो. कार्डवाल्याला त्यातला काही भाग पॉइंटांच्या रूपाने परत मिळतो. रोखवाल्याला काहीच मिळत नाही. म्हणजे रोखवाल्याच्या खिशातून कार्डवाल्याच्या खिशात पैसा न दिसता सरकतो. या तिघांचा अंदाज असा की रोखीने व्यवहार करणारे प्रत्येक घर वर्षाला १४९ डॉलर देते आणि कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक घराला १,१३३ डॉलर मिळतात.

इथेच थांबा आणि या दोन आकड्यांचा भागाकार करा. १,१३३ भागिले १४९, उत्तर येते साधारण ७.६. देणाऱ्यांनी दिलेले सगळे घेणाऱ्यांना मिळत असेल, तर एका कार्डवाल्या घरामागे साडेसात रोखवाली घरे हवीत. अमेरिकेत अशी घरे कुठे आहेत? तिथे बहुसंख्य घरांत क्रेडिट कार्ड आहे. मग हे काय गौडबंगाल आहे?

गौडबंगाल काही नाही. "रोखवाले घर" आणि "कार्डवाले घर" ही खरी घरे नाहीतच. ती हिशेबातली घरे आहेत: एकाचा सगळा खर्च कार्डाविना, दुसऱ्याचा सगळा कार्डाने. शिवाय इथे "रोख" म्हणजे केवळ नोटा नव्हेत, क्रेडिट कार्ड सोडून उरलेले जवळजवळ सगळे. खरे घर या दोघांचे मिश्रण असते. किराणा डेबिट कार्डाने, भाडे चेकने, विमानाचे तिकीट क्रेडिट कार्डाने. म्हणूनच लेखकांनी दुसरा हिशेब केला, उत्पन्नानुसार. त्यात वर्षाला २०,००० डॉलर किंवा कमी कमावणारे घर सरासरी २१ डॉलर गमावते आणि १,५०,००० डॉलर किंवा जास्त कमावणाऱ्या घराला सरासरी ७५० डॉलर मिळतात. गरीब आणि श्रीमंत हा आकडा शोधत असाल तर तो हा आहे. १४९ नव्हे, २१.

पण सिनॉप्सिसमध्ये आणि बऱ्याच लेखांत काय दिसते? १४९ गरिबाच्या नावावर आणि १,१३३ श्रीमंताच्या नावावर. पेपरात असे कुठेही म्हटलेले नाही. सारांशातले दोन ठसठशीत आकडे उचलले आणि त्यांना आपल्या मनातली माणसे चिकटवली. याबद्दल मी लेखकांना पूर्ण निर्दोष मानत नाही. ज्यांना हिशेबी घर आणि खरे घर यातला फरक ठाऊक आहे त्यांनी हिशेबी घराचा आकडा सारांशात इतक्या ठळकपणे ठेवला की तो पळवला जाणारच होता. तरी वाचणाऱ्याची जबाबदारी वाचणाऱ्याचीच. वर्षाला २१ डॉलर ही रक्कम काहीच नाही असे मी म्हणत नाही. ज्याचे महिन्याचे गणित जेमतेम जुळते त्याच्याकडून श्रीमंताच्या प्रवासासाठी एक डॉलरही जाऊ नये. पण "गरीब १४९ डॉलर भरतात" असे लिहिणारा या प्रश्नाला मदत करत नाही. पहिल्याच जाणकार परीक्षकासमोर तो प्रश्नच हलका पाडतो.

आता टोकाचे उदाहरण बाहेर काढू. मोदिल्यानीचे चित्र १५ कोटी २० लाख डॉलरवर हातोडा पडून विकले गेले. त्यावर लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे शुल्क, साधारण १ कोटी ८४ लाख. दोन्ही मिळून १७ कोटी ४ लाख. समजा पूर्ण रक्कम कार्डावर गेली आणि समजा लिलावगृहाला त्यावर २ टक्के पडले (खरा दर काय असता हे ते दोघेच जाणोत, एवढ्या रकमेला कुणीही घासाघीस करेल). तर ते झाले ३४ लाख डॉलर. हे कुणी भरले?

पेपराच्या तर्काने, त्या दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनी. पण हातोड्याची किंमत तर बोलीतून ठरते, तिच्यात कुणाचे शुल्क मिसळत नाही. मिसळलेच तर लिलावगृहाच्या शुल्काच्या दरात, कारण तो दर सगळ्यांना सारखा असतो. आणि तिथले इतर गिऱ्हाईक कोण? तेही चित्रे आणि पेले घेणारेच. म्हणजे फार तर एका धनिकाचे विमान दुसऱ्या धनिकाने उडवले. नवी मुंबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या कुणा सफाई कामगाराचा यात पैसाही नाही.

ही गंमत म्हणून सांगत नाही. यातून एक अट उघडी पडते जी वाचताना सहज निसटते. हे सरकणे एका दुकानाच्या आत होते. गरिबाकडून श्रीमंताकडे पैसा सरकायचा तर दोघांनी एकाच दुकानात यायला हवे, एकाच भावात घ्यायला हवे. पेट्रोल पंप, मोठे सुपरमार्केट, औषधांची साखळी दुकाने इथे हे घडते. दागिने, गाड्या, परदेशी सहली, महागडी फर्निचरची दुकाने इथे कमी घडते. आणि मोठ्या रकमेचे पॉइंट नेमके अशा ठिकाणी जमतात. एकत्रित आकड्यांवरून काढलेल्या हिशेबात सगळा बाजार एकच दुकान असल्यासारखा होतो. तुम्हाला या विषयात काही नवे करायचे असेल तर फट इथे आहे: कोण कुठे खरेदी करतो.

दुसरे गृहीतक म्हणजे शुल्क किमतीत उतरते हे. तर्काला पटते, पण दाखवणे महाकठीण. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३मध्ये बँकाबँकांतले क्रेडिट कार्डाचे शुल्क साधारण ०.९५ टक्क्यावरून ०.५५ टक्क्याच्या आसपास आणले आणि दुकानदारांना कार्डावर जादा आकारायची मुभा दिली. त्यानंतर पॉइंटांची उदारता आटली, ती मोजता आली. दुकानातल्या किमती किती उतरल्या हे मात्र वेगळे काढून दाखवणे अवघडच राहिले. टक्क्याच्या दहाव्या भागातला बदल महागाईच्या गोंगाटात ऐकू येत नाही. युरोपीय संघाने २०१५मध्ये क्रेडिट कार्डावर ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. अमेरिकेत मात्र २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अमेरिकन एक्सप्रेसच्या बाजूने कौल दिला, आणि दुकानदारांनी गिऱ्हाइकाला स्वस्त पडणाऱ्या कार्डाकडे वळवू नये ही तिची अट टिकली. म्हणजे "एकच भाव" हे गृहीतक निसर्गनियम नाही. करारांनी आणि निकालांनी बांधलेली ती गोष्ट आहे, आणि देश बदलला की बदलते. हे वाक्य मनात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा पेपर २०२३चा. सुमित अगरवाल, आंद्रेआ प्रेस्बितेरो, आंद्रे सिल्वा आणि कार्लो विक्स. माझ्या मते हा पहिल्यापेक्षा पुष्कळ सरस आहे, आणि तो उलटे बघतो. रोखवाला विरुद्ध कार्डवाला हे भांडणच तो बाजूला ठेवतो. दोघांच्याही हातात पॉइंटवाले कार्ड आहे. एक महिन्याचे पूर्ण बिल भरतो, दुसरा बाकी ठेवतो. बाकी ठेवणाऱ्याच्या व्याजातून पूर्ण भरणाऱ्याचे पॉइंट निघतात. लेखकांचा अंदाज वर्षाला १,५०० कोटी डॉलरचा, आणि हा पैसा कमी शिकलेल्या, गरीब, अल्पसंख्याकबहुल भागांकडून दुसरीकडे जातो. पण याच पेपरातला दुसरा निष्कर्ष लोक सोडून देतात: उत्पन्न कितीही असो, जाणकार जिंकतो आणि अजाण हरतो. चांगला पगार असलेला, पण बाकी ठेवणारा माणूसही हरणाऱ्यांत आहे.

यातला भाग शिकण्यासारखा आहे तो पद्धतीचा. पॉइंटांमुळे माणसे जास्त खर्च करतात, की जास्त खर्च करणारी माणसे पॉइंटवाले कार्ड घेतात? कोंबडी आधी की अंडे आधी. (पुन्हा कोंबडी, माझा इलाज नाही.) लेखकांनी असे प्रसंग निवडले जिथे ग्राहकाने न मागता बँकेने स्वतःहून खात्याची मर्यादा वाढवली. मग पॉइंटवाल्या आणि बिनपॉइंटाच्या कार्डांवर त्यानंतर काय झाले ते ताडून पाहिले. पॉइंटवाल्या कार्डांवर खर्च जास्त वाढला, आणि अजाण गटाची थकबाकीही वाढली. बँक कुणाची मर्यादा वाढवते हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही, हा आक्षेप तुम्ही घ्याल, आणि घ्यायलाच हवा. पण तुलना मर्यादा वाढलेल्या दोन प्रकारच्या कार्डांत आहे, त्यामुळे आक्षेपाची धार निम्मी होते. पूर्ण जात नाही.

माझा खरा आक्षेप शब्दावर आहे. जाणकार कोण आणि अजाण कोण हे त्यांनी ठरवले ते फिको स्कोअरवरून. हा स्कोअर वेळेवर परतफेड, मर्यादेच्या मानाने देणे किती, पतीचा इतिहास किती जुना, अशा गोष्टींवर बनतो. समजा एखाद्या बाईची नोकरी गेली, घरात आजारपण आले, दोन हप्ते चुकले. स्कोअर पडला. ती रातोरात अजाण झाली का? तिला व्याजाचा दर आपल्या दोघांपेक्षा चांगला ठाऊक असेल. तिच्याकडे पैसे नव्हते, एवढेच. लेखक यावर गप्प नाहीत. कमी स्कोअरची माणसे परतफेड करतानाही चुकीचा नियम वापरतात, असे ते दाखवतात: ज्या कार्डाचे व्याज जास्त ते आधी फेडायचे सोडून, ज्यावर बाकी जास्त त्यावर त्या प्रमाणात पैसे भरतात. माणसे असे वागतात हे ब्रिटनमधल्या माहितीवरून २०१९च्या एका पेपरात आधीच दिसले होते. हा पुरावा अज्ञानाकडे बोट दाखवतो, हे मान्य. तरी अज्ञान आणि अडचण एकाच स्कोअरात कालवली गेली आहेत आणि पेपराचा सगळा सूर अज्ञानावर आहे. धोरण ठरवताना याने फरक पडतो. अज्ञानावर उपाय शिकवणी, अडचणीवर नाही.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी उणीव वेगळीच आहे. बँकांनी नियामकाला दिलेली माहिती खात्याची असते, दर महिन्याचा एकूण खर्च. बिल दिसत नाही. एका झटक्यात घेतलेली चार लाखांची वस्तू आणि हजाराच्या चारशे वस्तू तिथे सारख्याच दिसतात. पण माणूस या दोन्ही ठिकाणी सारखा वागत नाही.

मग मोठ्या खरेदीबद्दल कुणी काही दाखवले आहे की नाही? इथे सगळे ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या २००१च्या प्रयोगाकडे धावतात. एमआयटीच्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बंद बोली लावल्या. क्रेडिट कार्डाने द्यायचे असे सांगितलेल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त होती. प्रयोग नामी आहे. पण तो शेकड्याच्या आतल्या डॉलरांचा, हौसेच्या वस्तूचा, नेमकी किंमत मनात नसलेल्यांचा. यावरून "कार्डाने माणूस दुप्पट खर्च करतो" असे लिहून चार लाखांच्या दागिन्यांना ते लावणे म्हणजे चहाच्या चमच्याने विहीर मोजणे. चार लाखांच्या खरेदीला घरातली चार माणसे चार दुकाने फिरून आलेली असतात.

तर चार लाखच घेऊ, आपल्याकडचे. समजा लग्नाचे दागिने, ४,००,००० रुपये, कार्डावर १ टक्का पॉइंट. मिळाले ४,००० रुपये. दुकानदार म्हणाला, "कार्ड असेल तर दोन टक्के वर पडतील." गेले ८,०००. म्हणजे दुकानातून बाहेर पडायच्या आतच ४,००० चा खड्डा. आता समजा बिलाच्या तारखेला पैसे जमले नाहीत. महिन्याला साडेतीन टक्के हा आपल्याकडे नेहमी दिसणारा दर. एका महिन्याचे व्याज १४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२०. आणि पूर्ण बिल न भरल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते, शेवटच्या तारखेपासून नाही. पॉइंटांचे ४,००० कुठल्या कुठे गेले. शिवाय बऱ्याच कार्डांवर महिन्याला पॉइंटांची कमाल मर्यादा असते, म्हणजे ते ४,००० सुद्धा पूर्ण मिळतीलच असे नाही. मोठी रक्कम हप्त्यांवर वळवली तर काही कार्डांवर पॉइंटच मिळत नाहीत.

या छोट्या हिशेबात दोन्ही पेपर कुठे बसतात बघा. दुसरा चपखल बसतो: वेळेवर न भरणाऱ्याचे व्याज दुसऱ्याचे पॉइंट पोसते. पहिला मात्र लंगडतो. दुकानदाराने दोन टक्के कार्डवाल्याकडूनच घेतले, मग रोखवाल्याच्या खिशाला हात लागला कुठे? "एकच भाव" मोडला की ते सरकणेही मोडते. आपल्याकडे कार्डावर जादा मागणे करारात बसत नसले तरी पेढ्यांवर, मोबाइलच्या दुकानांत, ट्रॅव्हल एजंटकडे ते सर्रास चालते. उलट ऑनलाइन मोठ्या सेलमध्ये अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के तत्काळ सूट असते, म्हणजे तिथेही भाव दोन, फक्त उलट्या दिशेने. एकच भाव खराखुरा मिळतो तो मॉलमधल्या सुपरमार्केटात. देश एकच, गृहीतक तीन ठिकाणी तीन प्रकारचे.

आणि "रोखवाला" कोण? आयकर कायद्याप्रमाणे एप्रिल २०१७पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. म्हणजे चार लाखांच्या दागिन्यांसमोर कार्डाला कायदेशीर पर्याय रोख नाहीच. आरटीजीएस आहे, चेक आहे. छोट्या रकमांना यूपीआय आहे, आणि त्यावर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२०पासून दुकानदाराला शुल्क शून्य. तो खर्च बँका सोसतात आणि काही प्रमाणात सरकार प्रोत्साहन म्हणून तिजोरीतून देते. म्हणजे न दिसता सरकणारा पैसा आपल्याकडे दुकानाच्या किमतीतून जातो तसाच करातूनही जातो. अमेरिकेतला रोखवाला उचलून इथे आणलात तर तो कुठल्या रांगेत उभा करायचा हेच कळणार नाही.

म्हणून "भारतातील क्रेडिट कार्ड आणि गरिबांवरील बोजा" असे शीर्षक घेऊन तेच मॉडेल इथल्या आकड्यांवर चालवणारी सिनॉप्सिस मी वाचतो तेव्हा मला वाईट वाटते. प्रश्न चांगला असतो, मेहनत असते, आणि पायाच परक्या जमिनीवरचा असतो. गाइड "रिप्लिकेशन आहे, होऊन जाईल" म्हणतात. होऊन जाते खरे. तीन वर्षे घालवून एक आकडा हातात येतो ज्यातली घरे इथे राहत नाहीत.

त्यापेक्षा लहान प्रश्न घ्या. एका शहरात, एका प्रकारच्या मोठ्या खरेदीत, कार्डाचे शुल्क प्रत्यक्षात कोण भरतो? दागिने घेतलेत तर पुण्यात लक्ष्मी रस्ता आहे, मुंबईत झवेरी बाजार, जळगावचा सराफ बाजार तर सोन्यासाठी ओळखलाच जातो. सोन्याचा भाव त्या दिवशी सगळीकडे जवळपास सारखा, त्यामुळे गोंगाट कमी. फरक पडतो तो घडणावळीत. काही जण बिलावर "कार्ड चार्जेस" वेगळे लिहितात, ते सोपे. बरेच जण लिहीत नाहीत. ते कार्ड बघून घडणावळीतली सूट आखडती घेतात, आणि आरटीजीएस म्हटल्यावर सैल सोडतात. बिलावर सूट मिळून उरलेला आकडा दिसतो, न मिळालेली सूट दिसत नाही. ती मोजायची तर बिले गोळा करून भागणार नाही. परवानगी घेऊन गादीवर गिऱ्हाइकाशेजारी बसावे लागेल, आणि पैसे कसे देणार हा विषय निघण्याआधी कोणता आकडा बोलला गेला आणि निघाल्यावर कोणता, हे वहीत टिपावे लागेल. एथिक्स कमिटीचा फॉर्म आधी भरा, त्याला वेळ लागतो. आणि लग्नसराई संपायच्या आत सुरुवात करा.